तिनं सांगितलं, आणि मी प्रश्न विचारले



गेल्या वेळी या सदरात आपण आई-बाबांच्या मोबाइलवर येणाऱ्या फसव्या मेसेजबद्दल बोललो होतो. उपयोग झाला असं बऱ्याच जणांनी कळवलं, बरं वाटलं. या वेळचा विषय तेवढा सोपा नाही. आपल्या घरांत तो मोठ्यानं बोलला जात नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीच्या जवळच्या माणसांनी काय करायचं, एवढाच भाग मी घेणार आहे. कारण त्या जागी मी स्वतः होतो, आणि सुरुवातीच्या दिवसांत मी जवळजवळ सगळं चुकीचं केलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे माझ्या मावसबहिणीबद्दल आहे. तिनं लेखी होकार दिल्यावरच लिहायला बसलो. ओळख पटेल असे तपशील बदलले, आणि लिहून झाल्यावर सगळ्यांत आधी तिला वाचायला दिलं. तिनं दोन परिच्छेद काढायला सांगितले, ते काढले. पीडित व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय तिची ओळख उघड होईल असं काही छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमाखाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी हेच केलं असतं. का, ते पुढे येईलच.

त्या रात्री

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, ती इंदूरला. रात्री साडेअकराला तिचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. माझ्या नव्या प्रोजेक्टचं विचारलं, मावशीच्या गुडघ्यांचं सांगितलं. मग म्हणाली, "दादा, एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस." तीन महिन्यांपूर्वी घडलेलं तिनं चार वाक्यांत सांगितलं. तो माणूस परका नव्हता. आमच्या सगळ्यांच्या ओळखीतला, घरी येणारा-जाणारा होता.

ती थांबली आणि मी सुरू झालो. "लगेच का नाही सांगितलंस?" "तिथं एकटी कशाला गेलीस?" "ओरडली नाहीस?" "आणखी कोणाला माहीत आहे?" माझं रोजचं कामच ते. सिस्टिम बंद पडली की लॉग उघडायचे, किती वाजता काय झालं ते ओळीनं लावायचं, चूक कुठे झाली ते शोधायचं. मला खरंच वाटत होतं की मी मदत करतोय. ती "माहीत नाही, नीट आठवत नाही" म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "उद्या ऑफिस आहे, झोपते," आणि फोन ठेवला.

दुसरी चूक सकाळी केली. "तू काळजी करू नकोस, मी त्याला बघून घेतो," असा मेसेज पाठवला. खूप दिवसांनी ती मला म्हणाली, "तो मेसेज वाचल्यावर मी तुझीच काळजी करत बसले. तू काही करून बसला असतास तर तेही माझ्याच माथी आलं असतं."

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. मला एकट्याला ते पेलवेना, म्हणून मी आईला सांगितलं. तिला न विचारता. आईनं रडत मावशीला फोन केला. दोन दिवसांत घरातल्या पाच माणसांना कळलं आणि प्रत्येकानं आपापल्या परीनं तिला प्रश्न विचारले. त्यानंतर सहा आठवडे ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या सहा आठवड्यांत मी एका समुपदेशक बाईंकडे गेलो. नाव-गाव न सांगता विचारलं की आता मी काय करू. त्या म्हणाल्या, "तिच्या मनाविरुद्ध एकदा कोणीतरी तिच्यासाठी ठरवलं. आता घरच्यांनी पुन्हा तेच करू नये." पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पहिल्यांदा काय बोलायचं

फार बोलायचंच नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझा दोष नाही. तुला आत्ता काय हवंय?" एवढं पुरतं. मग गप्प बसायचं. समोरची व्यक्ती रडली, रडली नाही, मध्येच हसली किंवा एकदम रोजच्या विषयावर गेली, तरी ते ठीक आहे. धक्का बसलेला माणूस कसा वागेल याचा ठरलेला साचा नसतो.

"का" नं सुरू होणारा प्रश्न टाळा. "का गेलीस", "का थांबलीस", "का नाही सांगितलंस" या प्रत्येकात, आपल्या मनात नसला तरी, दोष तिच्याकडे जातो. मिठी मारण्याआधीही विचारा. आपल्याकडे लगेच जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवायची सवय असते, पण त्या वेळी अचानक झालेला स्पर्श नकोसा वाटू शकतो.

"विसरून जा", "निदान मारहाण तरी झाली नाही", "आमच्या वेळी बायका हे गिळून टाकायच्या" ही वाक्यं मी आमच्याच घरात ऐकली. बोलणाऱ्यांचं तिच्यावर प्रेम होतं. तरी प्रत्येक वाक्यानंतर ती थोडी आणखी आत गेली.

"ओरडली का नाहीस?"

या प्रश्नाला वेगळी जागा देतो, कारण तो जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो.

धोका समोर आला की माणूस प्रतिकार करतो किंवा पळतो, असं आपण धरून चालतो. शरीराची तिसरी प्रतिक्रिया आहे गोठून जाण्याची. हात-पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. हे ठरवून होत नाही. मेंदू स्वतःच तो निर्णय घेऊन टाकतो. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी असं गोठून जाणं ठळकपणे अनुभवलं होतं. आठवणीही अशा वेळी सलग साठत नाहीत. पंख्याचा आवाज लख्ख आठवतो आणि किती वाजले होते ते आठवत नाही. मी त्या रात्री जो क्रम मागत होतो, तो तिच्याकडे नव्हताच.

या गैरसमजाची किंमत किती मोठी असू शकते, ते आपल्याच भाषेच्या मुलखातल्या एका खटल्यानं दाखवलं. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस शिपाई. हाच मथुरा खटला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, हे त्या निकालातलं एक मुख्य कारण होतं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. देशभर आंदोलनं झाली, १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीनं तर व्याख्येतच स्पष्ट केलं की शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही. नव्या संहितेतही ते तसंच आहे.

म्हणजे कायद्यानं जो प्रश्न मागे टाकला, तो मी माझ्या बहिणीला फोनवर विचारत होतो.

पहिले तीन दिवस

आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, त्यामुळे यातलं काही आमच्या उपयोगी पडलं नाही. तुमच्यावर ही वेळ कधी येऊ नये, पण माहीत असावं म्हणून लिहितो.

पहिला प्रश्न: ती आत्ता सुरक्षित आहे का? नसेल तर ११२. महिलांसाठी १८१ हा क्रमांकही आहे.

मग उपचार. सरकारी असो की खासगी, प्रत्येक हॉस्पिटलनं बलात्कारपीडित व्यक्तीवर मोफत उपचार करायलाच हवेत. "आधी एफआयआर आणा" म्हणून परत पाठवता येत नाही, नकार देणं हा गुन्हा आहे. गर्भधारणा टाळण्याची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, आणि जितकी लवकर तितकी ती जास्त उपयोगी. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधंही ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. पोलिसांत जायचं की नाही हे ठरलेलं नसलं तरी या दोन गोष्टींसाठी थांबू नये. गर्भ राहिलाच तर अत्याचारपीडित स्त्रीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची सोय आहे.

पुराव्यासाठी: शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. कपडे कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये दमट होऊन नमुने खराब होतात. पण अंघोळ झालीच असेल, तर "अरे देवा, हे काय केलंस" असं म्हणू नका. तपासणी तरीही होऊ शकते. सगळ्यांत आधी अंघोळ करावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला तिची संमती लागते. एखाद्या टप्प्याला नाही म्हणता येतं, आणि म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, तो त्यांच्यावरचा नियम आहे. "टू फिंगर टेस्ट" हा अपमानकारक प्रकार सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये चुकीचा ठरवला होता. २०२२ मध्ये तर ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं जाईल असं सांगितलं. सोबत जाणाऱ्याला हे ठाऊक असलेलं बरं.

पोलीस, वकील आणि वेळ

घटना दुसऱ्या शहरात घडली असली तरी तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. तिला "झिरो एफआयआर" म्हणतात. आपल्यातली निम्मी मुलं-मुली शिकायला, नोकरीला बाहेर आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तक्रार महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते, तिची प्रत मोफत मिळते. जबाब घरी किंवा ती सांगेल त्या जागी घेता येतो आणि जवळचं माणूस सोबत राहू शकतं. खटला बंद दालनात चालतो.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. नुकसानभरपाईचा अर्जही तिथंच करता येतो. "सखी" नावाची वन स्टॉप सेंटर २०१५ पासून सुरू झाली. उपचार, समुपदेशन, पोलीस आणि कायद्याची मदत एका छताखाली मिळावी हा त्यामागचा हेतू आहे. १८१ वर विचारलं तर जवळचं केंद्र कळतं.

उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. बलात्काराच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नाही. उशिरा दिलेल्या तक्रारीत पुरावे कमी हाती येतात हे खरं, पण तक्रार घ्यावीच लागते.

पीडित व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर नियम वेगळा. पॉक्सो कायद्यानुसार ज्याला कळलं त्यानं कळवणं बंधनकारक आहे, तिथं "घरातच मिटवू" हा पर्यायच नाही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पॉक्सो मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. प्रौढ पुरुषासाठी आपल्या संहितेत बलात्काराचं कलम नाही, पण पुरुषांवरही अत्याचार होतो. उद्या एखादा मित्र असं काही सांगू लागला तर हसण्यावारी नेऊ नका. वर लिहिलेली पहिली चार वाक्यं त्यालाही तशीच लागू आहेत.

आणि प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत तक्रार द्यायची की नाही, हे तिनं ठरवायचं. आपण माहिती काढायची, फोन नंबर शोधायचे, सोबत जायचं, बाहेरच्या बाकावर बसून राहायचं. माझ्या बहिणीनं काय केलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ते लिहायचं नाही असं तिनं सांगितलं आहे.

सगळेच ओळखीचे

आपली गावं मोठी असली तरी आपली मराठी वस्ती लहान आहे. इंदूरात रामबागेतल्या घरची गोष्ट संध्याकाळी सुदामानगरात पोचते. बडोदा, बेळगाव, ग्वाल्हेर, हैदराबाद, सगळीकडे हेच असेल. या जवळिकीनं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. पण अशा वेळी तीच आड येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच दिसतं: बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे तो आपल्याच कार्यक्रमांत, आपल्याच पंगतीत असू शकतो.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे भाच्याची मुंज होती. आमंत्रणाच्या यादीत त्याचं नाव होतं. मावशी म्हणाली, "नाही बोलावलं तर लोक विचारतील. तिला त्या दिवशी बरं नाही असं सांगू." तिला काही वाईट करायचं नव्हतं. पण त्याचा अर्थ असा होता की पंगतीत तो बसेल आणि आपली मुलगी घरी.

एव्हाना माझी बहीण माझ्याशी बोलू लागली होती. सहा आठवड्यांनंतर मी तिला एवढंच लिहिलं होतं: "तुला न विचारता सांगितलं, ही माझी चूक. पुन्हा होणार नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल." चार दिवसांनी तिनं विचारलं, "रविवारी पोहे खायला येणार का?" शुक्रवारी रात्रीची बस धरली. त्या रविवारी आम्ही त्या विषयावर एक शब्दही बोललो नाही.

मुंजीच्या वेळी मी आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "मला यायचंय. तो नको." मग बाबा आणि मी मावशीकडे बसलो. तासभर लागला. नाव यादीतून गेलं. कोणालाही कारण सांगितलं नाही. दोन घरं आमच्यावर रागावली, एक अजूनही आहे. ती मुंजीला आली, पंगतीत मठ्ठा वाढला, दुपारी मुलांबरोबर पत्ते खेळली. दोन रागावलेली घरं हा फार स्वस्त सौदा होता.

पुढची वर्षं

पहिल्या महिन्यात सगळे सोबत असतात. अवघड काळ नंतरचा. तोच वास, तीच तारीख, टीव्हीवरची एखादी बातमी, आणि रात्रीची झोप जाते. महिना उलटूनही दुःस्वप्नं, दचकणं, ठरावीक रस्ता टाळणं, कामात लक्ष न लागणं सुरूच असेल, तर प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. अशा आघातावर नेमके उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. जगण्याचा कंटाळा आल्याचं ती बोलली तर न घाबरता थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर तिला एकटी सोडू नका आणि लगेच मदत घ्या. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

बाकी मदत फार साधी असते. दवाखान्यात सोबत जाणं. रात्री उशिरा निघाली तर फोनवर बोलत राहणं. ती नको म्हणाली तर मुकाट्यानं मागे येणं. तिच्याशी सिनेमे, पगारवाढ, भाचरं, सगळ्यावर पूर्वीसारखं बोलणं. ती एकदा म्हणाली होती, "तुम्ही सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलता, त्याचा जास्त त्रास होतो."

आणि स्वतःचाही विचार करा. ऐकणाऱ्यालाही ते जड जातं. मला आईला सांगावंसं वाटलं, ती गरज खोटी नव्हती, माणूस चुकीचा निवडला. तुम्हाला बोलायचं असेल तर जिथून गोष्ट बाहेर जाणार नाही तिथं बोला. समुपदेशक त्यासाठीच असतो.

हा लेख वाचून झाल्यावर तिनं परत पाठवला, तेव्हा काढायच्या दोन परिच्छेदांवर रेघ होती आणि खाली एक ओळ होती: "दादा, त्या रात्री मी तुलाच फोन का केला, ते तू अजून विचारलं नाहीस." मी तिला फोन केला आणि विचारलं, "सांगायचंय?"

ती म्हणाली, "आज नाही."

बरं, म्हटलं.